दुपारच्या रेघा

ईशान, रेवा,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्या मागची भिंत मोकळी दिसली. टीव्ही कुठे गेला म्हणून विचारलं, तर रेवा म्हणाली, "आजी, त्याच्यावर लाइन्स आल्या. मग बाबाने तो बाहेर फुटपाथवर ठेवला. कोणीतरी घेऊन गेलं." ईशानने मात्र वेगळंच विचारलं. "पण आजी, लाइन्स येतात कुठून?" तेवढ्यात तुमची स्विमिंगची वेळ झाली आणि कॉल संपला.

त्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसले आहे. आत्ताच लिहिते, कारण वर्कशॉप मी लवकरच दुसऱ्यांच्या हाती देणार आहे. एकदा टेबल आवरलं की हे सगळं इतक्या नीट आठवेल याची खात्री नाही.

तुम्हाला मी आजी म्हणूनच माहीत आहे. अमरावतीच्या पॉलिटेक्निकमधून मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. लग्न होऊन अकोल्यात आले. आधी दुसऱ्यांच्या दुकानात रेडिओ आणि जुने डबा टीव्ही दुरुस्त केले. मग एका टीव्ही कंपनीचं सर्व्हिस सेंटर माझ्याकडे आलं. अकोला आणि आसपासच्या तालुक्यांत त्या कंपनीचा टीव्ही बिघडला, की तो माझ्या टेबलावर यायचा.

काही उन्हाळ्यांपूर्वी असाच एक टीव्ही बाळापूरकडून आला. तक्रार होती, स्क्रीनवर उभ्या रेघा. टीव्ही आदल्या दिवसापासून माझ्या टेबलावर चालू होता आणि एकही रेघ यायला तयार नव्हती. चित्र स्वच्छ. रंग बरोबर. टेबलाच्या पलीकडे वैशालीताई तायडे उभ्या होत्या आणि टीव्हीकडे रागाने पाहत होत्या.

"पा मॅडम, पा. कसा शहान्यासारखा चालून राह्यला. घरी नेला का पुन्हा रेघा काढते."

"तुम्ही स्वतः पाहिल्या रेघा?"

"पाह्यल्या ना जी. हिरव्या, गुलाबी. लुगड्याच्या काठासारख्या. हा तिसरा टीव्ही हाय. तीन गावं, तीन घरं, रेघा त्याच."

वैशालीताईंचं बाळापूरला टीव्ही-फ्रिजचं दुकान होतं. वय पस्तिशीचं. आधी त्या कॉम्प्युटर टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायच्या. त्यांच्या घरात त्यांच्याआधी कोणी दुकानदारी केली नव्हती. वडील सरकारी नोकरीत, भाऊ सरकारी नोकरीत. यांनी हट्टाने दुकान टाकलं आणि चांगलं चालवलं. पण त्या उन्हाळ्यात तीन टीव्ही एकसारखे बिघडले आणि बाजारात बोलणं सुरू झालं की, तायडेबाई डुप्लिकेट माल विकते. वर ओरिजिनलचं स्टिकर लावते. बोलणाऱ्यांत समोरचे जुने दुकानदार पुढे होते. लग्नसराईत टीव्ही विकत घेणारी माणसं वैशालीताईंच्या दुकानासमोरून जात आणि समोरच्या दुकानात शिरत. कंपनीनेही कळवलं होतं की, तक्रारी अशाच राहिल्या तर एजन्सी काढून घेऊ.

"दुकान गेलं तं दुसरं टाकता येते मॅडम," त्या म्हणाल्या. "पण डुप्लिकेटवाली बाई हे नाव पडलं, तं ते मरेपर्यंत जात नाही. टीव्हीत काय हाय ते मले सांगा. कंपनीचा दोष असन तं तसं सांगा, नसन तं तसं सांगा."

आता ईशानच्या प्रश्नाकडे येते. एलसीडी टीव्ही म्हणजे काय, तर मागे दिवे आणि पुढे काच. दिव्यांना आम्ही बॅकलाइट म्हणतो. काचेत लाखो बारीक खिडक्या असतात. कोणती खिडकी किती उघडायची, याचे हुकूम मागच्या सर्किटमधून येतात. काचेच्या खालच्या कडेला पातळ प्लास्टिकच्या पट्ट्यांची एक रांग चिकटवलेली असते. पट्टी चॉकलेटच्या कागदाइतकी पातळ, आणि तिच्यात केसापेक्षा बारीक तारा शेजारी शेजारी. एकेका तारेकडे काचेतल्या एकेका उभ्या ओळीची जबाबदारी. तारेचा हुकूम पोचला नाही किंवा शेजारच्या तारेत सांडला, की ती ओळ चुकते. तीच तुमची रेघ.

चित्र बिघडलं की आम्ही आधी प्रकार ओळखतो. आवाज येतो आणि स्क्रीन काळी, तर अंधार करून टॉर्च तिरका मारायचा. पुसट चित्र हलताना दिसलं तर काच ठीक आहे, मागचे दिवे गेले. अर्धी स्क्रीन गेली तर हुकूम वाटून देणारा छोटा बोर्ड तपासायचा. उभी रेघ असेल तर रिमोटवरचं मेनूचं बटन दाबायचं. मेनू टीव्हीच्या आत तयार होतो, केबलमधून येत नाही. रेघ मेनूवरही दिसली, तर केबलवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही. दोष आतला.

वैशालीताईंनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवले. तिन्ही घरांतले. तिन्हींत रेघा मेनूवरून सरळ गेलेल्या. म्हणजे पट्ट्यांची जागा पाहायची. व्हिडिओत खिडकीतून पांढरं ऊन आत आलेलं दिसत होतं.

"हे सगळे दुपारचेच व्हिडिओ कसे?"

"सकाळी नाही येत ना रेघा. दुपारीच येते."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. टीव्हीला सकाळ आणि दुपार कळत नाही. मग दुपारी असं काय होतं, जे सकाळी होत नाही?

पहिला संशय उन्हावर. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन तुम्ही पाहिलेलं नाही. दुपारी दाराच्या कडीला हात लावला तर चटका बसतो. मी टीव्ही मागच्या टिनाच्या शेडमध्ये ठेवला. मी घामाने भिजले, टीव्ही मजेत चालला. हेअर ड्रायरने खालची कड गरम केली. काही नाही.

मग टीव्ही उघडला. खालच्या कडेला, पट्ट्यांवर आणि त्यांना जोडलेल्या लांब बोर्डवर पांढुरका थर होता. पिठासारखा. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला जवळजवळ नाही. नागपूरला आमचे सर्व्हिस मॅनेजर चांडक साहेब बसायचे. त्यांना फोन केला.

"पांढरं दिसलं ना?" ते म्हणाले. "बस मॅडम. लिक्विड डॅमेज. कस्टमरने ओलं फडकं मारलं असेल. वॉरंटी नाही बसत. लिहा आणि केस क्लोज करा."

"सर, फडक्याचं पाणी ओघळतं. एका जागी डाग पडतो. हा थर कडेभर पसरलाय, एका टोकाकडून दुसऱ्याकडे पातळ होत गेलेला."

"मग जास्त पाणी मारलं असेल."

"तीन गावांत तिघांनी सारखंच?"

"मॅडम, तुम्ही इंजिनिअर आहात, पोलिस नाही. पाहा बरं लवकर."

ते काही वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या टेबलावर सगळ्या विदर्भाचे टीव्ही होते, माझ्या टेबलावर एक. मला मात्र तो थर सोडवेना. थर होता हे कळलं, पण माझ्याकडे येऊन टीव्ही चांगला का चालतो, हे त्यातून कळत नव्हतं. थर तर इथेही होताच.

आमच्या धंद्यात टीव्ही टेबलावर आणून पाहायचा असतो. टेबलावर प्रकाश, हत्यारं, मीटर सगळं हाताशी. टीव्हीच्या घरी बसून कोणी पाहत नाही. मी वैशालीताईंना म्हटलं, "उद्या हा टीव्ही परत त्याच घरी नेऊ. मी रेघ येईपर्यंत तिथे बसणार आहे."

"आन् रेघ नाही आली तं?"

"तर जेवून परत येऊ."

सकाळी माझ्या व्हॅनमध्ये टीव्ही घेतला. बाळापूरचा किल्ला मागे टाकून थोडं पुढे गेल्यावर गाव आलं. स्लॅबचं घर, समोर निंबाचं झाड. घरात दोघी होत्या. सून शोभा आणि तिच्या सासूबाई अनसाबाई. शोभाचे यजमान हरभरा घेऊन अकोल्याच्या मार्केटला गेले होते. अनसाबाई माझ्याच वयाच्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमी टीव्ही दुरुस्त करता?"

"करते."

"बाप्पा! मायाच्यानं तं चालू होत नाही." मग वैशालीताईंकडे वळून, "काय व, आज पुन्हा तोच डुप्लिकेट आनला?"

वैशालीताईंचा चेहरा उतरला.

टीव्ही त्याच्या नेहमीच्या जागी, खोलीच्या कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवला. चालू केला. चित्र झकास. मीटरने प्लगमधलं व्होल्टेज पाहिलं, ते खेड्याच्या मानाने उत्तम होतं. मी खुर्ची ओढून बसले. शोभाने कैरीचं पन्हं आणलं. अनसाबाई मालिका पाहू लागल्या आणि कोणती सून खरी वाईट आहे ते मला समजावू लागल्या.

ऊन वर आलं तशी शोभाने खिडकीतला कूलर चालू केला. तुम्ही कूलर पाहिलेला नाही, म्हणून सांगते. पत्र्याची मोठी पेटी असते, तिला तीन बाजूंनी गवताच्या जाळ्या. तळाशी पाणी. एक छोटा पंप ते पाणी गवतावर सोडतो आणि पंखा ओल्या गवतातून हवा ओढून खोलीत फेकतो. आमच्या वऱ्हाडात उन्हाळ्यात कूलरशिवाय दुपार निघत नाही.

थोड्या वेळाने मालिकेतल्या सासूच्या गालावरून एक हिरवी रेघ उतरली. मग तिच्या शेजारी गुलाबी. मग आणखी दोन.

"आली!" मी ओरडले. रेघ आली म्हणून इतका आनंद झालेली बाई त्या घराने पाहिली नसेल.

"पाह्यलं?" वैशालीताई म्हणाल्या. "मी खोटी नाही ना?"

"अजिबात नाही. आता कोणी काही हलवू नका."

दुसरा संशय कूलरच्या मोटरवर. मोटर आणि टीव्ही एकाच लाइनवर असतील तर मोटर कधी कधी गोंधळ घालते. मी कूलर बंद केला. असा गोंधळ असेल तर तो क्षणात जायला हवा. रेघा तशाच राहिल्या. म्हणजे विजेचा दोष नाही.

मग मी पंप बंद ठेवला आणि नुसता पंखा लावला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा आमचा नियम. गवत वाळलं, गरम हवा येऊ लागली. अनसाबाई कुरकुरल्या. "कूलर असून गरम हवा कायले खाऊ घालता जी? भट्टीत बसल्यावानी वाटून राह्यलं." मी त्यांची माफी मागितली. त्या उठून आतल्या खोलीत गेल्या आणि तिथून सूचना देऊ लागल्या. हळूहळू एक रेघ पुसट झाली. मग दुसरी. शेवटी सगळ्या गेल्या.

पंप पुन्हा चालू केला. थोड्या वेळाने रेघा पुन्हा हजर.

मी टीव्हीच्या मागे हात घातला. पाठ गार होती आणि बोटांना चिकट लागली. कूलरची हवा सरळ तिथेच येत होती. आणि पांढरा थर जिकडे जाड होता, ते टोक कूलरच्याच बाजूचं.

"शोभा, कूलरमध्ये पाणी कोणतं?"

"बोअरचं जी. दुसरं कोनतं?"

"नळाचं नाही?"

ती हसली. "नळाचं गोड पानी कवा येते, कवा नाही येत. ते प्यायचं पानी, कूलरात कोन टाकन? बोअरचं खारं हाय, ते तोंडात घेता येत नाही. भांडे घासाले अन् कूलरले. गवत दरसाली बदलावं लागते, मीठ धरते त्याच्यावर."

तो सगळा भाग खारपाणपट्टा. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी खारं आहे. आम्हाला शाळेच्या भूगोलातच ते शिकवलं होतं. पण भूगोल आणि टीव्ही हे दोन विषय माझ्या डोक्यात एका वर्गात कधी बसले नव्हते.

खात्री करायला एक साधा प्रयोग केला. घरात इन्व्हर्टर होता. त्याच्या बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरची बाटली शोभाने दिली. वाटीत ते पाणी घेऊन मीटरच्या दोन्ही तारा बुडवल्या. वीज त्यातून जवळजवळ जाईना. मग टीव्ही उघडून कडेचा थोडा पांढरा चुरा त्यात टाकून हलवला. मीटरवरचा अडथळ्याचा आकडा पार खाली आला. वीज आरामात जाऊ लागली. दुसऱ्या वाटीत बोअरचं पाणी. तेच.

म्हणजे असं घडत होतं. कूलरच्या हवेबरोबर खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार उडायचे. टीव्हीच्या मागच्या फटींतून आत जायचे. पाणी वाळायचं, मीठ पट्ट्यांवर बसायचं. सकाळी ते कोरडं असायचं, कोरडं मीठ वीज नेत नाही. दुपारी कूलर लागला की मीठ ओलं व्हायचं आणि एका तारेतली वीज शेजारच्या तारेत सांडायची. माझ्या वर्कशॉपमध्ये कूलर नव्हता, नुसता पंखा. तिथे मीठ कोरडंच राहायचं, म्हणून टीव्ही शहाण्यासारखा चालायचा.

मी शोभाला विचारलं, "बॅटरीत बोअरचं पाणी का घालत नाही?"

"बॅटरी खराब होते ना जी."

"टीव्हीचंही तेच झालं."

एक गोष्ट तरी उरलीच. या भागात घरोघरी बोअरचं पाणी, घरोघरी कूलर. मग सगळ्यांचे टीव्ही का बिघडत नाहीत? वैशालीताईंच्याच दुकानातले का?

"टीव्ही असा कूलरच्या तोंडात का ठेवला?" मी विचारलं. "हवा माणसांवर सोडायची ना?"

शोभाने सरळ वैशालीताईंकडे बोट केलं. "ह्या ताईनंच सांगतलं. टीव्ही घेतला तवा. म्हने, आपल्याकडचं ऊन भल्लं बेकार, टीव्ही मांगून तापते. त्याले कूलरची हवा लागू द्या, लय वर्सं टिकन."

आतल्या खोलीतून आवाज आला. "म्हनून तं त्याले थंड हवा अन् मले उरलीसुरली!"

वैशालीताईंच्या हातातला ग्लास तसाच राहिला. त्या उठून बाहेर निंबाखाली गेल्या. मी मागोमाग गेले.

"कंपनीच्या ट्रेनिंगमदी सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "टीव्ही गरम होऊ देऊ नका, हवा खेळती ठेवा. तिकडच्या एसीवाल्या हॉलमदी बसून सांगतलं त्यायनं. मी विचार केला, आपल्याकडं हवा म्हंजे कूलरच."

"आणखी किती जणांना सांगितलंत?"

"सगळ्यायले. बिल फाडलं का पह्यले हेच सांगत होतो मी."

समोरच्या दुकानदारांनी असला सल्ला कोणाला दिला नव्हता. टीव्ही विकला, की त्यांचं काम संपलं. म्हणून त्यांच्या गिऱ्हाइकांचे टीव्ही भिंतीवर, हवेच्या वाटेबाहेर, सुखात होते. गिऱ्हाइकाची काळजी वैशालीताईंनी केली आणि बिघाड त्यांच्याच वाट्याला आला. त्यात अन्याय आहे की नाही, हे मला त्या वेळी ठरवता आलं नाही. अजूनही येत नाही.

मी म्हटलं, "ताई, मी रिपोर्टमध्ये खारी, दमट हवा एवढंच लिहीन. कारण तेच आहे. सल्ला कोणाचा होता हे लिहायची गरज नाही. टीव्ही ओरिजिनल होता हे आता सिद्ध झालंय. गिऱ्हाइकांना जागा बदला म्हणून फोनवर सांगा. का, ते नका सांगू."

त्या म्हणाल्या, "मॅडम, लोक डुप्लिकेट म्हनत होते, ते खोटं होतं. म्हनून मी तोंड वर करून भांडत होतो. हे तं खरं हाय. हे लपवलं तं मंग भांडू कशाच्या भरोशावर?"

त्या आत गेल्या. अनसाबाई कूलर पुन्हा लागल्यामुळे बाहेर येऊन बसल्या होत्या. वैशालीताई त्यांच्यासमोर खाली बसल्या.

"आजी, टीव्ही असली हाय. मी सांगतलेली गोष्ट चुकीची होती. माया सांगन्यानं तुमचा टीव्ही बिघडला."

अनसाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं.

"म्हंजे टीव्ही असली अन् सल्ला डुप्लिकेट!"

शोभा तोंडाला पदर लावून हसली. मग वैशालीताईही हसल्या, आणि डोळे पुसले.

"बस आता," अनसाबाई म्हणाल्या. "पातोडी केली हाय. खाऊन जा. उपाशी मानसाले चूक कबूल करू देत नाही मी."

जेवून झाल्यावर टीव्ही परत व्हॅनमध्ये घातला. बाकीचे दोन टीव्हीही मी मागवले. दुरुस्ती नाजूक होती, पण अवघड नव्हती. मऊ ब्रश आणि सर्किट धुवायचं अल्कोहोल घेऊन पट्टी पट्टी साफ करायची. घासायचं नाही, घासलं तर तारच निघून येते. मग मंद गरम हवेने वाळवायचं आणि वरून पारदर्शक कोटिंगचा हात द्यायचा, म्हणजे पुन्हा ओल लागत नाही. मग खोटी दुपार तयार केली. शेजारच्या हॉटेलातून कूलर मागून आणला, त्यात महापालिकेचं गोड पाणी भरलं आणि हवा टीव्हीवर सोडली. मीठ उरलं असेल, तर कोणत्याही ओलीने रेघ यायला हवी होती. एक टीव्ही पास झाला. शोभाचा टीव्ही बहुतेक पास झाला, एका कडेची एक तार मिठाने आधीच खाल्ली होती. उरलेल्याच्या पट्ट्या भिंगाखाली पाहिल्या तर तारा जागोजागी हिरव्या पडून तुटलेल्या. त्याला इलाज नव्हता.

चांडक साहेबांना फोन केला.

"मॅडम, दोनच गोष्टी असतात," ते म्हणाले. "कंपनीची चूक, नाही तर कस्टमरची. कोणती लिहू?"

"दोन्ही नाही, सर. टीव्ही चांगला, कस्टमर चांगला, हवा खारी."

"खारी हवा? समुद्र आहे का अकोल्यात?"

"जमिनीखाली आहे थोडासा."

"फोटो पाठवा," ते म्हणाले.

तारा तुटलेल्या त्या टीव्हीसाठी कंपनीने नवा पॅनल, म्हणजे पट्ट्यांसकट पुढची काच, काही दिला नाही. वैशालीताईंनी त्या घरी आपल्या दुकानातला डेमोचा टीव्ही नेऊन लावला. मग दुकानाचं शटर खाली ओढलं आणि फिटरला बरोबर घेऊन गावोगाव फिरल्या. प्रत्येक घरी तेच सांगायच्या की, माझा सल्ला चुकला, टीव्हीची जागा बदलून द्यायला आले. काहींनी चहा दिला. काहींनी ऐकवलं. एका गृहस्थांनी तर चांगला चालणारा टीव्ही परत केला, म्हणाले, "तुम्हालेच माहीत नाही तं आमी कोनाले विचारावं?" पुष्कळ टीव्ही मात्र रेघ यायच्या आधीच हवेच्या वाटेतून बाजूला झाले.

बातमी त्यांच्यापुढे धावत होती. बाजारात डुप्लिकेट हा शब्द मागे पडला, कारण कूलरची गोष्ट जास्त मजेदार होती. समोरचे जुने दुकानदारही आपल्या गिऱ्हाइकांना सांगू लागले, "टीव्ही कूलरसमोर ठेवू नका बरं." अगदी स्वतः शोध लावल्यासारखे. पुढच्या उन्हाळ्याआधी कंपनीने सगळ्या विक्रेत्यांना हीच सूचना पाठवली. तिच्यात ना माझं नाव होतं, ना बाळापूरचं. एजन्सी वैशालीताईंकडेच राहिली. ती ठेवतोय, असंही कोणी कळवलं नाही. पुढचा माल आला, त्यावरून कळलं.

मुलांनो, यातून शिकण्यासारखं फार नाही. पुढच्या वेळी टीव्ही फुटपाथवर ठेवण्याआधी टॉर्च मारून पाहा, मेनू दाबून पाहा, आणि टीव्ही जिथे होता त्या जागी थोडा वेळ बसा. तुमच्याकडे कूलर नसेल, खारं बोअरही नसेल. पण काहीतरी असेलच. दोष उपकरणात आहे की खोलीत, हे उपकरण खोलीबाहेर काढल्यावर कळत नाही.

तीनपैकी एक टीव्ही भंगारात गेला. एक ज्या घरातला होता, तिथल्या थोरल्या मुलीने पुण्याला नेला, त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही. शोभाच्या घरचा टीव्ही अजून चालतो. त्याच्या उजव्या कडेला एक हिरवी रेघ आहे. ती सकाळीही असते आणि दुपारीही.